साळवेमामांची छाती

फोन वाजला की साळवेमामा आधी भांग पाडतात. मग कॉलरचं बटण लावतात, आरशात एकदा पाहतात, छाती पुढे काढतात आणि मग फोनला हात घालतात. तोवर तो बंद पडलेला असतो. मामा शांतपणे उलट फोन लावतात आणि म्हणतात, "हां, बोला. तयार होऊन राह्यलो होतो."

"मामा, फोनवर तुम्हाला बघतंय कोण?" मी एकदा विचारलं.

"बघत न्हाई, भाऊ, पण कळतं. बटण लावून बोललेलं बराबर कळतं."

जालन्याकडच्या टेंभुर्णीत आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. मामांनी जन्मभर वायरमनची नोकरी केली. वादळात खांबावर चढताना त्यांचा पाय कधी थरथरला नाही. पण मागच्या साली मामी गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मामा दोन शब्द बोलायला माइकसमोर उभे राहिले आणि तोंडातून एक अक्षर फुटेना. तिथल्या तिथे त्यांनी माइकची वायर तपासली, ती ठीक आहे अशी मान हलवली आणि जागेवर येऊन बसले. ज्यांनी मामींच्या हातचा चहासुद्धा कधी घेतला नव्हता, अशी माणसं त्या दिवशी मामींवर भरभरून बोलली. नवरा तेवढा गप्प. हे मामांना फार लागलं.

"पहिल्या स्मृतिदिनाला बोलणार म्हंजे बोलणार," ते मला म्हणाले. "लोकं काय म्हणत आसतील? बाई गेली अन् याला चार शब्द सुचंनात."

तयारीला त्यांनी मोबाइलवर भाषण करायला शिकवणारा कुणी एक टायवाला गाठला. त्याचं म्हणणं असं, की आत्मविश्वास बाहेरून आत जातो. कपडे नीट, पाठ ताठ, की मन आपोआप ताठ. मामांना हे लगेच पटलं. "करंट बी बाहेरूनच येतो ना घरात? मीटरमधी थोडाच तयार होतो?"

झालं. पहाटे थंड पाणी, गुळगुळीत दाढी, कडक इस्त्री, बुटाला पॉलिश, वर कोट. मग आरशासमोर उभं राहून खणखणीत आवाजात, "मी सुखदेव साळवे. बिलकुल ठणठणीत." भिंतीपलीकडे आमची ही चहा गाळता गाळता म्हणायची, "झाली मामांची मामांशी ओळख."

दुधाला जातानाही कोट. गवळ्याची म्हैस त्यांना बघितलं की पान्हा चोरायची. गवळी कळवळून म्हणाला, "मामा, तिला वाटतं ढोरांचा डॉक्टर आला सुई घेऊन. कोट तेवढा घरी ठिवा." मामांनी कोट सोडला नाही. गवळी बदलला.

बाजारात तर त्याहून कठीण. मामा वांगी घ्यायला वाकले, तर बाईनं वजनाचा दगड पदराखाली लपवला आणि साहेब तपासणीला आलाय समजून पिशवीभर वांगी फुकट कोंबली. मामा ती परत करायला गेले, तर तिला वाटलं, साहेबाचं एवढ्यावर भागत नाही. तिनं वर कोथिंबीर घातली. मामा पुन्हा गेले. मग मिरच्या आल्या. शेवटी मीच मध्ये पडून पैसे दिले, नाहीतर बाईचं दुकान मामांच्या पिशवीत आलं असतं.

पण खरी गंमत केदारखेड्याला झाली. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ वारले. मातीला मी निघालो तर मामा सोबतीला, अर्थात कोटात. आमच्याकडे अग्नी दिला की कुणीतरी पुढे होऊन मोठ्या माणसांना श्रद्धांजलीला बोलावतो. त्याची नजर कोटावर पडली आणि त्यानं आपल्या मनानंच पुकारलं, "आता जालन्याहून खास आलेले साहेब दोन शब्द बोलतील."

मी डोळे मिटले. आणि मामा बोलले! ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही, त्या माणसावर असे बोलले की बायाबापड्या हुंदके द्यायला लागल्या. मयत गृहस्थ जन्मभर बांधावरून भांडलेले. मामांनी त्यांना इतकं गोड केलं, की आपण भलत्याच मातीला आलो की काय, म्हणून भाऊबंद एकमेकांकडे बघू लागले.

"पाह्यलं, भाऊ?" परतताना मामा म्हणाले. "छाती बराबर, तर जीभ बराबर. आता काही भेव न्हाई."

स्मृतिदिनाला घरापुढे मंडप घातला. वंदना झाली. मामा उठले. पांढराशुभ्र शर्ट, कोट, ताठ मान. भंतेजी, पाहुणे, गावकरी, सगळ्यांची नावं घेऊन झाली. आवाज खणखणीत. मी मनात म्हटलं, जिंकलं म्हाताऱ्यानं.

"आज आपण ज्यांच्यासाठी जमलो, त्या कालकथित..."

आणि मामा थांबले.

विसरले असं वाटलं. मग माझ्या ध्यानात आलं, पुढे फक्त नाव यायचं होतं. भिंतीला भिंत लागून इतकी वर्षं काढली, पण मामांनी मामींना नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. "आगं", नाहीतर "आयकलं का". चारचौघांत "आमच्या घरातली". त्यांच्या पिढीत तीच रीत. आरशासमोर त्यांनी सगळ्याचा सराव केला होता, एवढं सोडून.

छाती हळूहळू आत गेली. खांदे उतरले. कोट मोठा दिसू लागला. मग मामा अगदी घरातल्या आवाजात म्हणाले, "कौशल्या."

आणि तेवढंच बोलून माइकपासून बाजूला झाले. माइकवाल्याला वाटलं, मशीन बंद पडलं. तो घाईनं "हॅलो, हॅलो, चेक" करायला लागला.

मामा माझ्या शेजारी येऊन बसले. "आयकू गेलं का बराबर?"

"गेलं, मामा."

लोकांना खीर वाटणं सुरू झालं. मामांनी द्रोण हातात घेतला, पण खाल्लं नाही.

"पाठमोरी भाकरी करीत राह्यची," ते म्हणाले. "मागून आगं म्हणलं, की न वळताच हं म्हणायची. एखाद वेळी नावानं हाक मारली आसती, तर वळली आसती. कसं तोंड करून वळली आसती, तेवढंच काही डोळ्यापुढं येत न्हाई, भाऊ."