गिरण बंद, मीटर चालू

सगुणभाईच्या गिरणीत तांदूळ दळायला नेले की आधी माणसाचं वजन होतं, मग तांदळाचं. पोती तोलायचा लोखंडी काटा त्याने बरोबर दारात मांडलाय. त्याच्यावर पाय दिल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि पाय दिला की सगुणभाई आकडा वाचतो. मनात नव्हे, गिरणीच्या आवाजाच्या वर. पार्से गावातल्या काही नव्या सुना त्यामुळे दळण शेजारच्या गावात न्यायला लागल्या. सगुणभाईला त्याचं काही वाटत नाही. "जावं दी," तो म्हणतो, "तांका आपलो आकडो सोसना."

मी त्याचा शेजारी दिगंबर. सगुणभाईच्या लेखी मात्र मी "फुकटो बारीक". डिचोलीला एका कचेरीत मी दिवसभर खुर्चीवर बसतो. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला की चार उंडे चहात बुडवून खातो, दुपारी शीत-हुमण, म्हणजे भात नि माशाचं कालवण, रात्री पुन्हा तेच. तरीही माझी पँट कमरेवर टिकत नाही. सगुणभाई दिवसभर पोती उचलतो, अर्धा उंडा खाऊन अर्धा परत ठेवतो, आणि त्याचं पोट त्याच्या आधी दाराबाहेर येतं. हा अन्याय आहे असं त्याचं मत आहे. माझंही तेच मत आहे, फक्त त्यात माझा गुन्हा कोणता हे मला अजून कळलेलं नाही.

या अन्यायावर त्याने एक सिद्धांत काढला होता. संध्याकाळी पट्टा उतरवून गिरण बंद केली की तो मला भिंतीवरच्या विजेच्या मीटरसमोर उभा करायचा.

"पळय. गिरण बंद, तरी मीटर फिरता. माणसाचां तसांच. निजलंस तरी आतलो मीटर चालूच. तुजो धांवता. माजो सरकारी आसा, तुज्या हापिसासारको."

उपाय सोपा होता. मोटर मोठी करायची. अंगावरची चरबी म्हणजे नुसतं गोदामातलं पोतं, पण स्नायू म्हणजे मोटर. ती मोठी असली की बसल्या जागीसुद्धा जास्त वीज खाते. मला हे पटलं. पटलं म्हणूनच मी विचारलं, की मग जन्मभर पोती उचलणाऱ्या माणसाचा मीटर सरकारी कसा? सगुणभाईने मीटरची काच बाहीने पुसली.

"वायंडिंग," तो म्हणाला. "मोटरीचो वायंडिंग कंपनीतसूनच येता. घराण्याचो वायंडिंग तो."

वायंडिंग म्हणजे मोटरीतली तारेची गुंडाळी. इथे माझा गोंधळ सुरू झाला. कारण त्याच्या घराण्यात जाडं माणूस औषधालाही नव्हतं. त्याचे वडील, आप्पा, मला चांगले आठवतात. उन्हात वाळत घातल्यासारखे होते. चुलतभाऊ गोकुळदास तसाच, गोकुळदासाचा मुलगा तसाच. मग या एकट्याचं वायंडिंग आलं कुठून? हे मी एकदा देवळाच्या पायऱ्यांवर सहज बोलून गेलो, तर तिथे बसलेली म्हातारी मंडळी एकदम पावसाबद्दल बोलायला लागली. बाहेर रखरखीत ऊन होतं. मला कळलं काहीच नाही.

आता हा सगळा खटाटोप नुसत्या पोटासाठी असता तर मी त्याला हसून सोडून दिलं असतं. पण प्रश्न दसऱ्याचा होता. दसऱ्याला आमच्या देवळातून तरंगं निघतात. लुगडी नेसवलेले उंचच उंच लाकडी खांब ते, पण आमच्यासाठी देवच. त्यातलं एक तरंग धरायचा मान सगुणभाईच्या घराचा. धरणारा कमरेला जाड कापडाचा पट्टा बांधतो. पट्ट्याला पुढे कातड्याची वाटी असते, तिच्यात खांबाचा बुंधा टेकवायचा आणि तोल सांभाळत चालायचं. हा पट्टा आप्पांचा. आप्पा गेल्यावर सगुणभाईने तो पहिल्यांदा बांधला तेव्हा टोकं कशीबशी जुळली. गेल्या दसऱ्याला ती जुळेचनात, म्हणून मध्ये दोरी घातली. भर गर्दीत दोरी सैल झाली, तरंग कललं, चार जणांनी धावून धरलं म्हणून निभावलं.

गोकुळदास तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाला, "घराण्याचो पट्टो जाका पुरना, ताणें मान सोडचो. माज्या पुताक तो बरोबर बसता."

यंदा दोरी चालणार नाही, असं देवळाच्या बैठकीत ठरलं. नवा पट्टा शिवून घे, असं मी सगुणभाईला दहादा सांगितलं. तो ऐकेना. "आप्पांचो पट्टो तो. माका तो बसूकच जाय."

मग मोटर मोठी करायचं काम सुरू झालं. त्याने एका लांब वेळूच्या टोकाला वाळू भरलेला डबा बांधला आणि तो पोटाशी उभा धरून गिरणीमागच्या मळ्यात फेऱ्या मारायला सुरुवात केली. पोदेर सायकल थांबवून बघायला लागला. मला त्याने सॅम्पल म्हणून बरोबर घेतलं. दोघांनी एकच खायचं, एकच चालायचं, म्हणजे वायंडिंगचा निकाल लागेल. रोज पहाटे काजूच्या डोंगरावर चढायचं आणि उतरायचं. परत आल्यावर नाचणीची आंबील, तीही मोजून एकच वाटी. माझे डोळे खोल गेले. बायकोने मला विचारलं, कचेरीत काही लफडं झालंय का.

पावसाळा सरता सरता सगुणभाईने दोघांची वजनं केली. माझं घटलं होतं. त्याचं वाढलं होतं. तो काट्यावरून उतरला, पुन्हा चढला, मग काटाच बिघडला असेल म्हणून त्याच्यावर लोखंडी वजन ठेवून बघितलं. काटा बरोबर होता. दंड बघावे तर दगड झालेले, मांड्या तशाच, डोंगर चढताना आता धाप मला लागायची, त्याला नाही. पट्ट्याची टोकं मात्र पहिल्यापेक्षा बोटभरच जवळ आली होती.

"माका समजना," सगुणभाई म्हणाला. हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

मी त्याला पेडण्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती आणि समजावून सांगणारी होती. "काका, स्नायू जड असतात, म्हणून आकडा वाढला. ते बसल्या बसल्या जास्त जाळतात हे खरं, पण थोडंच. तुमची साखर उतरलीय, रक्तदाब सुधारलाय, चालणं सोडू नका. पोटाचा घेर मात्र बराचसा आईवडिलांकडून येतो. वडील कसे होते तुमचे?"

सगुणभाईने पंख्याकडे बघितलं. ज्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं, त्याला वडील कसे होते हे सांगायला एवढा वेळ का लागावा?

"बारीक," तो म्हणाला. मग उठून तो स्कूटरवर मागे जाऊन बसला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. आतल्या खोलीत तो श्वास रोखून उभा होता आणि स्वतःच पट्टा ओढत होता. मीही एक टोक धरून ओढलं. पण टोकांमध्ये वीतभर अंतर उरलंच. त्याने श्वास सोडला आणि पट्टा माझ्या हातात दिला.

"गोकुळदासाच्या पुताक दी," तो म्हणाला. त्याचा आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं.

दाराशी त्याची आई, आये, सुपात कुळीथ निवडत बसली होती. तिला आता कमी ऐकू येतं, असा आमचा समज होता. ती वर न बघता म्हणाली, "शिवण उसव."

"खंयची?"

"पट्ट्याची. आतली, पाठीकडची."

मी कात्री आणली. अस्तराची शिवण उसवली तर आत तेच जाड कापड दोन्ही बाजूंनी दुमडून ठेवलेलं होतं, न वापरलेलं, कोऱ्या रंगाचं. उलगडलं तसा पट्टा लांब होत गेला. सगुणभाईच्या कमरेला बसून वर वीतभर उरला.

"तुका हाडूक आमी हळर्णाक गेल्लों," आये सुपाकडे बघतच म्हणाली. "थंय तुज्या जल्माच्या बापायक पळयलो. तो दारात मावनासलो. तुका घरा हाडून आप्पान माज्या मांडयेर घातलो, आनी दुसऱ्याच दिसा हो पट्टो शिवूक दिलो. म्हणालो, ह्या भुरग्याक लांब लागतलो."

पायऱ्यांवरची मंडळी पावसाबद्दल का बोलत होती, हे मला तेव्हा कळलं. सगुणभाई दत्तक होता, हळर्ण गावातल्या एका जाड्या बापाचा मुलगा. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"माका ठावक आसलां, आये," तो म्हणाला. "शाळेत आसल्यापासून."

"मगे बोललंस कित्याक ना?"

"तुका वायट दिसतलां म्हणून."

आयेने सूप खाली ठेवलं. "आनी माका दिसलां, तुका वायट दिसतलां. घराण्याचो वायंडिंग, घराण्याचो वायंडिंग म्हणून सगळ्यांका सांगतालंस. माका आयकूक बरां दिसतालां."

मग ती भिंतीचा आधार घेत उठली आणि तिने पट्टा स्वतःच्या हाताने त्याच्या पोटाभोवती बांधला. त्याने श्वास रोखलेला नव्हता. माझे डोळे भरून आले, ते मी कुळथाच्या धुळीवर ढकललं.

दसऱ्याला तरंग सरळ राहिलं. पट्टा मधे विटलेला आणि दोन्ही टोकांना कोरा दिसत होता. गोकुळदास जवळ आला, त्याने ती टोकं बोटांनी चाचपली, कापड आप्पांच्या वेळचंच आहे हे त्याला कळलं असावं. त्याने तरंगाला हात जोडले आणि मुलाला सगुणभाईच्या बाजूला, तोल गेलाच तर धरायला, उभं केलं.

दुसऱ्या दिवशी मी तांदूळ घेऊन गिरणीत गेलो आणि सवयीने काट्यावर चढलो.

"उतर रे," सगुणभाई म्हणाला. "तांदूळ दी."

मी उतरलो. वायंडिंग आईबापांकडून येतं, पण कोणत्या आईबापांकडून, याचा माझा गोंधळ अजून मिटलेला नाही. आत भिंतीवर, मीटरच्या शेजारी, आप्पांचा फोटो आहे. त्याच्याखाली खुंटीला पट्टा टांगला होता. घडी घातलेली नव्हती. तो पूर्ण लांब सोडला होता.