येसूभाऊंचा कन्सोल

आमचे शेजारी येसूभाऊ लॅपटॉप तापवतात. तुमचा-माझा लॅपटॉप आपोआप तापतो. येसूभाऊ मुद्दाम तापवतात. गाणं मिक्स करायचं, म्हणजे सगळे आवाज कमी-जास्त करून एकत्र बसवायचे, तर आधी पडद्यावर मिक्सरचं चित्र उघडायचं आणि चहा ठेवायचा. चहा पिऊन कप विसळून होईपर्यंत माउसला हात लावायचा नाही. कुणी बोट पुढे केलंच तर ओरडतात, "थंड आहे अजून! आवाज आंबट येईल."

मी पडले शिक्षिका. समजावल्याशिवाय मला राहवत नाही. "अहो भाऊ, ते नुसतं चित्र आहे."

"देवाचंही चित्रच असतं, बाई. तरी चपला काढताच ना?"

तेव्हापासून मी त्यांच्या लॅपटॉपपुढे चपला काढूनच जाते.

येसूभाऊंनी उमेदीची सगळी वर्षं मुंबईत एका रेकॉर्डिंग स्टुडिओत काढली. तिथे खाटेएवढा मिक्सर होता, त्याला कन्सोल म्हणायचं. त्याची बटणं पुसता पुसता हे तो चालवायला शिकले. पुढे कॉम्प्युटर आले, स्टुडिओ बंद पडला, कन्सोल भंगारात गेला आणि येसूभाऊ जव्हारला परतले. तोवर आई गेली होती. लग्नाचं बघणारं कुणी उरलं नव्हतं, ते राहूनच गेलं.

आता भाड्याच्या खोलीत बसून ते सॉफ्टवेअरमधून त्याच कन्सोलचा आवाज काढायला बघतात. लोक गाण्यातली खरखर घालवण्यासाठी जिवाचं रान करतात. हे निवडून निवडून घालतात. तीही प्रत्येक वाद्याला वेगळी, कारण "सख्खे भाऊसुद्धा सारखे खोकत नाहीत." लॅपटॉपच्या खालच्या कडेला कागदी चिकटपट्टी, तिच्यावर पेनानं 'तारपा', 'ढोल', 'बायका'. स्टुडिओत तशीच पद्धत होती म्हणे. पण पडद्यावरचं चित्र सरकतं आणि पट्टी जागची हलत नाही. मग ढोल समजून तारप्याची पुंगी वाढवली जाते आणि शिव्या सॉफ्टवेअरला बसतात.

आमच्या घराशी त्यांचा तह आहे: त्यांच्याकडे रेकॉर्डिंग असेल तेव्हा आम्ही भात कुकरऐवजी पातेल्यात करायचा. तो आमच्या सासूबाईंनी नेमका सोनीआजीच्या गाण्यांच्या वेळी मोडला.

सोनीआजी साखरशेतची धवलेरी, म्हणजे मांडवात लग्नाची गाणी म्हणणारी. तिनं ओळ म्हणायची आणि बाकीच्या बायकांनी ती उचलायची. येसूभाऊंनी तिला आणि तिच्या सोबतिणींना खोलीत बोलावून, एकेकीपुढे वेगळा माइक ठेवून गाणी रेकॉर्ड केली होती. पुढे दम्यानं आजीचा गळा बसला, तो उठलाच नाही. यंदा नातीचं लग्न ठरलं, आणि गाणी पुरती येणारं दुसरं कुणी नव्हतं. आजीचा मुलगा येसूभाऊंकडे आला. "भाऊ, मांडवात आयचाच आवाज लावू."

इतकी मोठी जबाबदारी पाहून येसूभाऊ घाबरले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वच्छ काम केलं. खरखर काढली, सोबतिणींना पार मागे सारलं, आजीचा गळा लख्ख केला. साखरशेतला जाऊन ऐकवलं तेव्हा मीही होते.

आजीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "ही बाय कोन?"

"आजी, तूच ना."

"मी आशी एकटी कवा गायली रं? हिच्या मांडवात कोनी नाय का?" मग मान फिरवून म्हणाली, "नको लावू यो. लगीन मुकाटच होऊ दे."

जीपनं आम्ही परतलो. घराच्या पायरीवर येसूभाऊ थबकले. "बाई, मी भिंती घातल्या हो. कन्सोलमध्ये एकाचा आवाज शेजारच्यात गळायचा. त्याला आम्ही शिव्या घालायचो. तिथंच तर सगळा जीव होता!"

मग दार लावून त्यांनी गळती लावायचं काम घेतलं. आजीच्या आवाजात चिमूटभर सोबतिणी, सोबतिणींमध्ये आजी, खाली कन्सोलची बारीक घरघर. या गळतीतून सासूबाईंच्या कुकरची शिट्टीही आत आली. "ती तेवढी काढा," मी म्हटलं. "राहू दे," ते म्हणाले, "शेजार आहे."

हळदीच्या दुपारी मांडव भरला. लॅपटॉप तापेपर्यंत सगळे खोळंबले, हे सांगायला नकोच. आजी तोंडाला पदर लावून बसली होती, आणि येसूभाऊ लॅपटॉपची चिकटपट्टी पुन्हा पुन्हा दाबून बसवत होते. आज तिनं पुन्हा मान फिरवली असती, तर त्यांनी लॅपटॉप विकला असता याची मला खात्री होती.

पहिली ओळ आली. संपली. आणि मांडवातल्या एका बाईनं ती उचलली! मशीनला कुणी उत्तर देतं का? पण दुसरीनं दिलं, तिसरीनं दिलं, पुढच्या ओळीला सगळा मांडव गात होता. मध्येच शिट्टी झाली, तसा आचारी उठून डाळ बघून आला. कुकर नव्हताच तिथे. आजी ताठ बसली होती, तिचे ओठ हलत होते.

"आजी, आता कोन गं ही बाय?" येसूभाऊ ओरडले.

"मीच तं रं!" आजीचा फाटका आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. मी शाळेतली शिस्त विसरून टाळ्या पिटल्या. असा जय मी पाहिला नव्हता.

गाणी संपल्यावर आजी हळदीची वाटी घेऊन स्पीकरमागे आली. "तुला कोनी लावली का रं कदी?"

येसूभाऊंनी नकारार्थी मान हलवली. आजीनं त्यांच्या दोन्ही गालांना, हातांना हळद लावली. जगावर खेकसणारा हा माणूस डोळे मिटून, तोंड पुढे करून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नळावर दिसले. बादली भरून वाहत होती आणि गाल तसेच पिवळे.

"भाऊ, तोंड नाही धुतलं?"

"नाही बाई," ते हळूच म्हणाले. "एवढ्यात नाही धुणार."