व्याख्या लिहा, ताई

आमच्या आहेर सरांनी माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका लाल पेनाने तपासून मला परत दिली होती. वरच्या ओळीत 'नाशिक', खाली हॉलच्या पत्त्यात 'नासिक'. दोन्हींभोवती गोल. "कोणतं तरी एक ठेवा, ताई. पाहुणे दोन गावांत वाटले जातील." पत्रिका छापून, वाटूनही झाल्या होत्या. मी फक्त कपाळाला हात लावला.

सातपूरच्या आमच्या कंपनीत ठिबक सिंचनाचं सामान बनतं. मी डिस्पॅचला, म्हणजे माल गाडीत भरून गावोगावी पाठवायच्या खात्यात. आहेर सर माझ्या शेजारच्या टेबलावर, आणि त्यांचं काम एकच, याद्या सांभाळणं. ऑर्डरी रोज बदलतात, गिऱ्हाइकं बदलतात. पण गावं, तालुके, मोजमापं, माल परत येण्याची कारणं, यांच्या याद्या सगळ्या खात्यांनी एकच वापरायच्या असतात. कंपनी त्याला रेफरन्स डेटा म्हणते. आम्ही 'सरांची कटकट' म्हणतो. कॉम्प्युटरमध्ये नवं गाव टाकायचं तर त्यांच्याकडे अर्ज करायचा, त्यात त्या गावाची व्याख्या लिहायची आणि मंजुरीची वाट बघत बसायचं. "यादीत आहे का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. सर मूळचे सटाण्याकडचे, त्यामुळे पारा चढला की तोच प्रश्न अहिराणीत येतो, "यादीमा शे का?" तसा आला की समजावं, आजचा दिवस वाया.

कँटीनमध्ये मी एकदा 'अर्धा चहा' सांगितला, तर मागून आवाज आला, "अर्धा म्हणजे कशाचा अर्धा? कपाचा का ग्लासचा?" कँटीनच्या मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही या माणसाला मीच जन्म दिलाय.

त्यांचा खरा वैरी म्हणजे 'इतर' हा शब्द. विक्रीची पोरं माल परत आला की कारणाच्या रकान्यात डोळे मिटून 'इतर' निवडायची. सरांनी एका सोमवारी सगळ्याच याद्यांमधून 'इतर' काढून टाकलं. दोन दिवस ऑफिसात नुसती बोंबाबोंब. "इतर म्हणजे विचार करायचा कंटाळा," एवढंच म्हणून ते डबा उघडून बसले.

मी त्यांचा नियम एकदाच मोडला. वणीचा दुकानदार माझ्या डोक्यावर बसला होता, सरांची मंजुरी तीन दिवस येईना. शेवटी मी यादीत दिसेल ती 'वणी' निवडली आणि गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी परप्रांतीय ड्रायव्हरचा फोन आला, "मॅडम, वणी पहुँच गया. आपने बोला था गड के रास्ते पे दुकान है. गड किधर है? इधर तो कोयले की खदान है." गाडी यवतमाळच्या वणीला जाऊन उभी होती! इकडे आपल्या नाशिकच्या, देवीच्या गडाखालच्या वणीचा दुकानदार ओरडतोय, "ताई, माल कुठंय? लय झालं आता!" मला वाटलं, सर आता मला सोलून काढतील. तसं काहीच झालं नाही. त्यांनी शांतपणे एक कोरा अर्ज पुढे सरकवला. "नाव सारखं असलं म्हणून गाव एक होत नाही. व्याख्या लिहा, ताई." त्यापेक्षा त्यांचं ओरडणं परवडलं असतं.

त्यामुळे परवा एचआरची स्नेहल रडकुंडीला येऊन म्हणाली, की सगळ्यांचे मेडिक्लेमचे फॉर्म आलेत, फक्त आहेर सरांचा अडकलाय, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. संध्याकाळी पाच वाजता यादी विमा कंपनीला जाणार होती. सरांच्या फॉर्मवर एका म्हाताऱ्या माणसाचं नाव होतं आणि 'नातं' हा रकाना रिकामा. मी लगेच त्यांच्याकडे वळले. "काय सर, कोण हे?"

"मामा."

"मग आईचे भाऊ असं लिहा की!"

"आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात." ते स्क्रीनकडेच बघत होते. "यंदापासून विम्यात सासरे चालतात. आपल्या नात्यांच्या यादीत ते नाहीत. मामांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात."

"अहो, मग घाला ना! यादी तुमचीच आहे!"

"स्वतःच्या कामासाठी स्वतः मागणी करायची नाही. नियम मीच केलाय."

"मग तोंड उघडून मला सांगायचं ना, सर! साडेचार वाजलेत!" मी खरंच चिडले होते. तिकडे म्हाताऱ्याचं ऑपरेशन, आणि इकडे हा माणूस नियम कवटाळून बसलेला. मी अर्ज ओढला आणि खरडलं: सासरे, म्हणजे पत्नीचे किंवा पतीचे वडील. त्यांच्यापुढे आपटला.

त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. "ताई, पत्नी हयात नसेल तर हे नातं चालू राहतं का? तसं स्पष्ट नाही यात."

वहिनी जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो, आणि नंतर विसरून गेलो होतो.

"मेव्हणा म्हणतो, आमची ताई गेली, आता तुमचं आमचं काय उरलं? मामांना तो घेऊन जायला आला होता. मामा गेले नाहीत." सर चष्मा पुसत म्हणाले. "सकाळी मी त्यांना आंघोळ घालतो. तिच्या लहानपणीच्या गोष्टी सांगतात. मला ठाऊक नसलेल्या."

मी अर्ज परत घेतला आणि खाली लिहिलं: पत्नी किंवा पती हयात नसले तरी.

सरांनी ते जसंच्या तसं टाइप केलं. मग शेवटच्या तारखेच्या रकान्यापाशी थांबले. "कधीपर्यंत लागू?"

"ते रिकामं ठेवायचं असतं, सर."

त्यांनी मान हलवली आणि मंजुरीचं बटण दाबलं. तेव्हा पाचला दहा कमी होते. मग त्यांनी घरी फोन लावला. "मामा, चहा लिधा का? हां... तुमनं नाव लागनं." पलीकडून, काय म्हणून लागलं, असं काहीतरी विचारलं गेलं असावं. सर हळूच म्हणाले, "तिनाच बाप म्हनीसन."