भागवत मास्तरांचा एकतर्फी कारभार

अहो, लांब काय बसता? या अशा जवळ. इतके दिवस फिरकला नाहीत, म्हणून तर आमचे भागवत मास्तर तुम्हाला ठाऊक नाहीत. चूक तुमचीच.

मास्तर शाळेत इंग्रजी शिकवायचे. आता आमच्या शेजारी राहून सगळ्या बिल्डिंगला शिकवतात, तेही एकच शब्द. वॉचमनने पंप लवकर बंद केला? "युनिलॅटरल!" मांजरीने त्यांच्या पायपुसण्यावर पिलं घातली, तिलाही तेच ऐकवलं.

"म्हणजे हो काय?" मी एकदा विचारलं.

"एकतर्फी. दोन बाजू असताना एकीनेच उरकून टाकायचं. समोरच्यालाही तोंड आहे, हे विसरायचं."

आणि स्वतः? एका सकाळी दार उघडते तर माझी जास्वंदाची कुंडी गायब! मास्तरांनी परस्पर गच्चीत नेऊन ठेवलेली.

"तिला ऊन हवं होतं."

"मला विचारलंत?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."



पण खरा धक्का पुढेच आहे. सुमनवहिनींची, म्हणजे मास्तरांच्या बायकोची, अर्धांगाने वाचा गेलेली. मुलगा हिंजवडीला नोकरीत. त्याने आईसाठी शुश्रूषा केंद्रात खोली ठरवली आणि मास्तर मंडईत गेलेले बघून गाडी घेऊन आला.

"मावशी, बाबा फार थकलेत, पण ऐकत नाहीत. आईची बॅग भरता का?"

भरली. हो, मीच भरली.

तेवढ्यात मास्तर आले. बॅग दिसली. आता बिल्डिंग डोक्यावर घेणार म्हणून मी भिंतीला टेकले. पण त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "हिला विचारलंस?"

"बाबा, आई बोलत नाही."

"मी विचारतो आणि थांबतो."

वहिनींच्या खुर्चीपाशी उकिडवे बसले. "सुमन, जायचंय तुला?"

आणि खरंच थांबले. खाली ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. म्हणजे खिडकी उघडू का, भाजी कुठली आणू, हे रोज तिला असंच विचारून थांबत असणार! एका भिंतीपलीकडे राहून मला पत्ता नाही.

वहिनींनी डावा हात बॅगेत घातला. बराच वेळ चाचपडून फणी काढली आणि मास्तरांच्या हातात दिली.

मास्तर उठले, त्यांच्या मागे उभे राहून वेणी घालू लागले. मुलगा खाली जाऊन गाडी परत पाठवून आला.

तर आता लवकर शेजारी त्यांच्याकडेही या. वहिनींना माणसं आलेली आवडतात. बोला त्यांच्याशी, आणि जायची घाई करू नका.