चित्र कोण हलवतंय?

हृदयाचा एमआरआय काढताना एकट्या पेशंटनं श्वास रोखून भागत नाही. त्याची मनापासून काळजी करणाऱ्या सगळ्यांनाच रोखावा लागतो. एकानं जरी घेतला तरी चित्र हलतं.

आमच्या दाजींना, म्हणजे अक्काच्या नवऱ्याला, गेल्या महिन्यात हार्ट अटॅक येऊन गेला. हृदयाचा किती भाग मेला आणि किती जिवंत आहे, हे बघितल्याशिवाय डॉक्टर बायपासला हात लावणार नव्हते. औषध टोचलं की मेलेला भाग पांढरा दिसतो, पण औषध थोड्याच वेळात उतरतं. दाजींची किडनी नाजूक, त्यामुळे पुन्हा टोचायची सोय नव्हती.

मशीन चालवणाऱ्या तांबोळी मॅडमनी काचेआडून माइकवर सांगितलं, "श्वास घ्या. सोडा. रोखा."

आत दाजींनी रोखला, बाहेर बाकावर अक्कानं आणि मी रोखला, पुण्याहून दोन्ही भाच्यांनी फोनवर रोखला. दाजींचे भागीदार पोपटराव मात्र खुशाल वडा खात बसले होते. त्यांच्यामुळं काही बिघडत नव्हतं.

तरी चित्र हललं.

"कोणीतरी श्वास घेतंय," मॅडम म्हणाल्या. पुढच्या वेळी खात्री करायला मी हळूच एक घेतला, तर त्या लगेच ओरडल्या, "पाहुणे, तुम्ही नका हो!" अक्कानं मला खाऊ की गिळू असं बघितलं, पण खरं सांगतो, मला जरा बरं वाटलं. मग मी नीट रोखला. चित्र हलतच राहिलं.

"अजून कोण आहे? लवकर आठवा, औषध उतरायला लागलंय."

अक्का म्हणाली, "रावसाहेब भावजी."

रावसाहेब म्हणजे दाजींचा धाकटा भाऊ. इचलकरंजीतल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये मधोमध भिंत घातल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. अटॅकची बातमी कळूनही तो फिरकला नव्हता.

"त्याला कसली आलीय काळजी," मी म्हणालो. तोवर अक्कानं फोन लावलाही होता. पलीकडं मागांचा खडखडाट चालला होता.

"मी कशाला काळजी करू त्याची, वहिनी? संबंध तुटला आमचा."

मॅडमनी फोन मागून घेतला. "करत नसाल तर हरकत नाही. नियमाप्रमाणे एकदा रोखून दाखवा, म्हणजे आम्ही दुसरीकडं शोधतो."

मग खडखडाट थांबला. त्यानं माग बंद केले होते.

"रोखा," मॅडम म्हणाल्या.

चित्र स्वच्छ आलं. पांढरा डाग पातळ होता, बाकीचा स्नायू जिवंत होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करता येईल. अक्का तोंडाला पदर लावून रडली. मॅडमनी सगळ्यांना श्वास सोडायला सांगितलं, तरी फोनवर शांतताच होती.

"भावजी, चांगलं आलं चित्र. सोडा आता," अक्का म्हणाली. तेव्हा कुठं पलीकडून श्वास सुटला आणि फोन बंद झाला.

दाजींना बाहेर आणलं. "एवढा उशीर का? कोण ऱ्हायलं हुतं?" त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं.

"पंचगंगेत त्यो बुडी मारायचा," दाजी छताकडं बघत म्हणाले, "तवा काठावर मी बसायचो श्वास धरून. पुढच्या खेपंला त्याला आदी फोन लावा."