चालू निघालेला टू-इन-वन

जुलैच्या चौदा तारखेला, संध्याकाळी सहाच्या सुमारास, कोफू शहरातल्या काशिवागी-चोच्या तिसऱ्या गल्लीत श्री. सेइजी मुरोया यांनी आपल्या दारात उभे राहून गल्लीच्या सूचनांच्या फिरत्या पाटीवर शिक्का मारला. शिक्का सरळ उमटला, शाई पसरली नाही. पाटीवर काय लिहिले आहे ते मात्र त्यांनी वाचले नाही. यात त्यांची काही चूक झाली असे म्हणता येणार नाही. गल्लीत घरे चोवीस, पाटी दर आठवड्याला दारोदार फिरते, आणि जो तो ती वाचत बसला तर ती फिरणार कधी? चांगला शेजारी पाटी घेतो, शिक्का मारतो आणि पुढच्या दाराला नेऊन अडकवतो. मुरोया तर इतके चांगले शेजारी होते की त्यांचा शिक्का नेहमी पहिला असे.

त्या दिवशीचा मजकूर नोंदीसाठी येथे संपूर्ण देत आहोत.

"गल्ली मंडळाच्या मालकीचा, सन १९८५ मध्ये खरेदी केलेला, रेडिओ व कॅसेट असा दुहेरी टू-इन-वन (रंग चंदेरी, वजन सहा किलो, मूठ एक) नादुरुस्त असल्याचे गृहीत धरून मंडळाने तो जुन्या सामानाच्या दुकानात जमा केला आहे, त्यास संमती असावी. उन्हाळी सुट्टीतील रेडिओ कवायत नेहमीप्रमाणे दिनांक एकवीसपासून सकाळी साडेसहा वाजता देवळामागील बागेत सुरू होईल. पर्यायी यंत्राची व्यवस्था ज्या घराचा शिक्का पहिला त्या घराने करावी. व्यवस्था न झाल्यास त्याच घरातील व्यक्तीने कवायतीचे संगीत, पियानोसह, चौथऱ्यावर उभे राहून तोंडाने म्हणावे. सदर सूचना ज्यांच्या नजरेखालून गेली ते सर्व जण ती वाचून संमत झाले व कवायतीपुरते गल्लीचे रहिवासी झाले असे समजण्यात येईल आणि वरील कलम त्यांनाही क्रमाने लागू राहील. येताना टोपी आणावी. बागेत पीच खाऊन बिया टाकू नयेत."

तीन दिवसांत पाटी चोवीस शिक्के घेऊन परत आली. त्याच संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्ष हिराबायाशीबाई पिशवीभर पीच घेऊन मुरोयांच्या दारात आल्या. बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त शाळामास्तरीण. त्या कुणावर आवाज चढवत नसत, त्यामुळे गल्ली त्यांना फार घाबरून असे.

"मुरोयासान, मशीनचं कुठवर आलं?"

"कसलं मशीन?"

बाईंनी पाटी पुढे केली आणि पहिल्या शिक्क्यावर बोट ठेवले. "हा शिक्का तुमचाच ना? किती सुबक मारलाय."

मुरोया चष्म्याच्या दुकानात बत्तीस वर्षे नोकरीला होते. बारीक अक्षरे लोकांकडून वाचून घ्यायची हाच त्यांचा धंदा. त्यांनी आता ती स्वतः वाचली आणि 'पियानोसह' या शब्दापाशी थांबले, पुढे गेलेच नाहीत.

"फोनवर लावलं तर?"

"गेल्या वर्षी लावून बघितलं की. झाडावरचे किडे असे ओरडत होते की मागची रांग भलताच व्यायाम करून घरी गेली."

"मी नवं यंत्र विकत आणलं तर?"

"नवं म्हणजे नवी खरेदी. तिला सभेचा ठराव लागतो, आणि सभा एप्रिलात होते. जुनं आणा, जुन्याला बदली म्हणता येतं."

"आपलाच शोधून आणला तर?"

"बघा बाई. त्या दुकानाच्या नऊ शाखा, कुठल्या शाखेत गेला ते त्यांचं त्यांना ठाऊक. विकत आणलात तर काहीच अडचण नाही. फुकट परत आला तर मात्र पाटीवर ठराव, चोवीस शिक्क्यांचा." बाईंनी पीच खाली ठेवले. "उद्या खा, आज जरा कच्चे आहेत."

मुरोयांना गाता येत नसे. म्हणजे किती येत नसे, तर दुकानाच्या वार्षिक मेजवानीत सगळ्यांच्या हाती पाळीपाळीने माईक दिला जाई आणि त्यांच्या हाती खंजिरी. दोन वर्षांपूर्वी खंजिरीही काढून घेतली. अशा माणसाने दीडशे लोकांपुढे चौथऱ्यावर चढून पियानो म्हणायचा, या विचाराने त्यांना त्या रात्री जेवण गेले नाही. त्यांची बायको फुमिए मात्र अडचणीच्या मुळाशी जाणारी होती.

"पियानोसह म्हणजे फक्त उजवा हात, की दोन्ही?" तिने विचारले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मुरोया सायकलवर निघाले. पहिल्या दुकानात चंदेरी टू-इन-वन होता, पण तो आतून रिकामा करून कॅसेटच्या जागी निवडुंग लावलेला होता. हल्ली तरुण मंडळी असे यंत्र कॉफीच्या दुकानात फळीवर ठेवतात आणि त्याच्याशेजारी बसून फोनवर गाणी ऐकतात, असे तिथल्या बाईने सांगितले. दुसऱ्या दुकानात एक होता, त्यावर लिहिले होते, 'जुना दिसण्याची हमी, निर्मिती याच वर्षीची'. तिसऱ्या दुकानात त्यांना किदो भेटला.

किदो हा पेशाने बँकेतला कारकून आणि सुट्टीच्या दिवशी टू-इन-वनचा शिकारी. डोक्याला दिवा, हातात मोजे, वरच्या खिशात दात घासायचा ब्रश आणि कमरेच्या पट्ट्यात आठ जाडे सेल. भंगाराच्या फळीखाली आडवा होऊन तो वायरींच्या गुंत्यात बघत होता.

"माझ्याकडे घरी एक्केचाळीस आहेत," तो खालूनच म्हणाला.

"सगळे चालतात?"

"एकही नाही. चालायला लागला की माझं मन उडतं त्याच्यावरनं. चालू असलेला घेणं म्हणजे शिकार नाही हो, नुसती खरेदी." तो कपडे झटकत उठला. "नवखे दिसता. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. भंगाराच्या फळीपाशी दुकानातल्या माणसाला काही विचारायचं नाही. आणि सेल घातल्यावर वाजलाच, तर तोंड असं ठेवायचं, जसं काही घरचं कुणी गेलंय."

तीन दिवस दोघे मिळून हिंडले. एकोणीस तारखेपर्यंत आठ शाखा झाल्या. मुरोयांच्या मानेवर ऊन लागून साल निघाली, आणि घरी फुमिए पियानोच्या डाव्या हाताचा भाग त्यांच्याकडून पाठ करून घेऊ लागली. वीस तारखेला दुपारी ते बाह्यवळण रस्त्यावरच्या नवव्या शाखेत शिरले. ही जागा पूर्वी बोलिंगचा हॉल होती. अगदी मागे, जिथे पूर्वी चेंडूने पाडायच्या बाटल्या उभ्या असत तिथे, आता भंगाराची फळी होती, आणि तिच्यावर एक चंदेरी टू-इन-वन तिरका पडला होता. मुठीला चिकटपट्टी होती. पट्टीवर हिराबायाशीबाईंच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, 'काशिवागी-चो, गल्ली तिसरी'. खाली दुकानाची चिठ्ठी होती, 'भंगार. चालत नाही. प्रश्न विचारू नयेत. परत घेतले जाणार नाही'.

मुरोयांनी किदोचे सेल घातले आणि बटण दाबले. आतून एक बाई स्वच्छ आवाजात हवामान सांगू लागली. यंत्र ठणठणीत होते. गेल्या दोन उन्हाळ्यांत त्याचे सेल कुणी बदलले नव्हते, एवढाच त्याचा आजार होता.

आता मुरोयांनी तोंड पाडून ते उचलायचे आणि गल्ल्यावर जायचे, इतकेच बाकी होते. पण ते पडले चांगले नागरिक.

"अहो, हा चालतोय," ते शेजारून जाणाऱ्या दुकानातल्या पोरीला म्हणाले. किदोने डोळे मिटून घेतले.

तिचे नाव ओनुमा. तिने आधी आभार मानले, मग क्षमा मागितली आणि मग यंत्रावरची चिठ्ठी काढून घेतली. "चालत नाही असं लिहून चालणारी वस्तू विकली, तर तुमची फसवणूक होईल."

"माझी होऊ दे की. मला चालेल."

"तुम्हाला चालेल हो. नियमाला चालत नाही."

"मग चालू म्हणून विका."

"चालू वस्तूला सहा महिन्यांची हमी द्यावी लागते. वीस वर्षांवरच्या वस्तूला हमी देता येत नाही."

"मग वीस वर्षांवरची वस्तू तुम्ही विकता तरी कशी?"

"भंगार म्हणून."

"मग द्या ना भंगार म्हणून."

"पण हा चालतो," ओनुमा म्हणाली. तिला खरोखरच वाईट वाटत होते. तिने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "गिऱ्हाईक तपासत असताना वस्तू हातातून पडली, तर ती नव्यानं भंगार ठरते. तसा फॉर्म आहे आमच्याकडे. म्हणजे, मी आपलं सांगतेय."

मुरोयांना उद्याचा चौथरा दिसत होता. पडल्यावर बिघडेल तो दुरुस्त करायला किदो होता. त्यांनी यंत्राची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि ते गुडघ्याच्या उंचीवरून सोडले. १९९६ पासून अडकलेले कॅसेटचे झाकण खटकन उघडले. ओनुमाने फॉर्मवर लिहिले, 'झाकण उघडते'. मग त्यांनी ते कमरेएवढ्या उंचीवरून सोडले, तर उजवा भोंगा, जो आजवर कुणी ऐकला नव्हता, तोही बोलू लागला. 'स्टिरिओ', ओनुमाने लिहिले. खांद्यावरून सोडल्यावर वाकडी एरियल सरळ झाली.

"आता थांबा हो," किदो कळवळून म्हणाला. "अजून एकदा पाडलात तर नवा होईल तो."

इतक्यात तीन वाजले आणि दोन्ही भोंग्यांतून पियानो सुरू झाला. दुपारची रेडिओ कवायत.

हा पियानो कानावर पडल्यावर हात वर न करणारा माणूस या देशात असेल, पण तो कोफूत नाही. भाताचा कुकर निवडणाऱ्या बाईने कुकर खाली ठेवला आणि हात वर नेले. गिटारपाशी रेंगाळणाऱ्या दोन शाळकरी मुली एकमेकींपासून हातभर लांब सरकल्या. ओनुमाने पेन कानावर अडकवले. व्यवस्थापक आपल्या खोलीतून बाहेर आले तेच हात वर करून. किदो कमरेत वाकला की त्याच्या डोक्यावरचा दिवा जमीन उजळी आणि मागे वळला की छत. तीन मिनिटे सगळे दुकान उड्या मारत होते, फळ्यांवरच्या कपबश्या ताल धरत होत्या, आणि आवाज अगदी मागच्या रांगेपर्यंत, म्हणजे वापरलेल्या आंघोळीच्या टबांपर्यंत, खणखणीत पोचत होता. मुरोयांना इतका आनंद झाला की त्यांचे डोळे भरून आले. उड्या मारता मारताच त्यांनी ते पुसले.

संगीत संपल्यावर व्यवस्थापकांनी टाय सरळ केला आणि फॉर्म वाचला.

"यंत्र उत्तम आहे," ते म्हणाले. "म्हणजे ते विकता येणार नाही. आम्ही बिघडलेली वस्तू घेतली होती, ही चालू निघाली, तेव्हा तो व्यवहारच रद्द. वस्तू मूळ मालकाला विनामूल्य परत."

"मूळ मालक आम्हीच. हे बघा, मुठीवर नाव आहे. द्या."

"अवश्य. मंडळाचा तेवढा ठराव आणा. विनामूल्य परत घेण्याचा."

मुरोया मटकन टबाच्या काठावर बसले. ओनुमाने त्यांना थंड जवाचा चहा आणून दिला.

तरी अजून आशा होती. फोनवर ऐकताच हिराबायाशीबाईंनी ठरावाची पाटी काढली. पहिला शिक्का अर्थातच मुरोयांचा. कुणी काही वाचत नसल्यामुळे पाटी दीड तासात आठ घरे फिरली आणि नवव्या दारावर जाऊन लटकली. ते निशिवाकींचे दार. निशिवाकी नवराबायको आदल्या दिवशीच लेकीच्या बाळंतपणाला साप्पोरोला गेले होते, ते सप्टेंबरात येणार होते.

"काढून दहाव्या घरी नेतो मी," मुरोया म्हणाले.

"नवव्याच्या आधी दहावा?" बाईंनी अगदी मायेने विचारले. "मुरोयासान, मग क्रमाला अर्थ काय राहिला?"

एकवीस तारखेला सकाळी साडेसहाला मुरोया चौथऱ्यावर चढले. समोर दीडशे लोक होते. मुलांच्या गळ्यात हजेरीची कार्डे होती आणि झाडांवर किडे ओरडत होते. फुमिए पहिल्या रांगेत उभी राहून बोटांनी डावा हात दाखवत होती. मुरोयांनी छातीत हवा भरली आणि पियानो म्हणायला सुरुवात केली. सूर पहिल्याच ओळीत गेला, ताल दुसरीत. कडेला वाकण्याचा भाग त्यांनी म्हटला आणि परत सरळ करणारा विसरले, त्यामुळे तिसऱ्या घरचे आजोबा उजवीकडे वाकले ते वाकलेलेच राहिले. उड्यांच्या वेळी तर अर्धी बाग हवेत आणि अर्धी जमिनीवर होती. लोक हसून हसून गवतावर बसले. मुरोया मात्र शेवटपर्यंत, दीर्घ श्वासापर्यंत, म्हणत राहिले आणि वाकून नमस्कार करून उतरले. त्यांचे कान लाल झाले होते.

"फार छान," हिराबायाशीबाई म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीतून जुनी पाटी काढली. "उद्या दुसऱ्या घराची पाळी. परवा तिसऱ्या घराची. आजोबा, तोवर सरळ व्हाल ना?"

हसणे थांबले. "आमची पाळी? असं कुठं लिहिलंय?" दुसऱ्या घरचे गृहस्थ म्हणाले.

"तुमच्या शिक्क्याच्या बरोब्बर वर."

सगळे पाटीभोवती गोळा झाले आणि काशिवागी-चोच्या इतिहासात प्रथमच ती शेवटपर्यंत वाचली गेली.  घरी जाताना चौथ्या घरातून टँग-टटँग असा बारीक आवाज येत होता.

हे वाचून आपल्याला हसू आले असेल तर आनंद आहे. फक्त एक बारीकशी गोष्ट. निशिवाकी वगळता तेवीस घरे बारा ऑगस्टला संपतात आणि कवायत एकतीसपर्यंत आहे. तेव्हा ती सूचना आणखी कुणाकुणाच्या नजरेखालून गेली ते हिराबायाशीबाईंनी मोजायला घेतले आहे. सूचना वर संपूर्ण दिलेली आहे. आपण ती ओलांडून थेट पीचच्या पिशवीपाशी आलात, हे आम्ही पाहिले. तेरा तारखेपासून पाळी आपली, सकाळी साडेसहा, देवळामागची बाग, पियानोसह. येताना टोपी आणावी.