काढून दाखव

दाऊदसरांना कधी पत्ता विचारू नये. ते विचारणाऱ्याच्या हातावरच पेनाने नकाशा काढतात आणि बिचारा मनगटावर मांडवीचा समुद्र घेऊन गावभर फिरतो.

सर आमचे शेजारी. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. आता खिशात करवंटीचा कोळसा असतो, त्यामुळे त्यांचे सगळे सदरे डाव्या बाजूला काळे. सुरमईची तुकडी किती जाड हवी हेही ते मासेवालीला तिच्या फळीवर काढून दाखवतात. ती कपाळाला हात लावते.

मी एकदा स्वयंपाकघरात कपाट करून घेणार होतो. मोठ्या उत्साहाने सरांना सांगायला गेलो.

"काढून दाखव."

"सर, मला चित्र येत नाही."

"चित्र कोण मागतंय मेल्या? स्केच काढ. चित्र लोकांना दाखवायला, स्केच आपल्याला कळायला."

काढलं. कपाटाचं दार थेट फ्रिजवर आपटत होतं! इतके दिवस मी त्या कपाटाचं वर्णन घरीदारी करत होतो, पण हे कुणालाच दिसलं नव्हतं.

"तोंडानं सांगितलेलं कपाट कुठंही मावतं," सर म्हणाले.

मी खोडरबर शोधू लागलो तर हातावर फटका बसला. त्यांच्या घरात खोडरबर नाहीच. "चुकलेली रेघ राहू दे. तिच्या शेजारी दुसरी काढ. पहिली दिसते म्हणून दुसरी सुधारते."

गेल्या वर्षी भाभींना, म्हणजे सरांच्या पत्नीला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. मुलाने कुवेतहून टॅब पाठवला. त्यात चहाच्या चित्रावर बोट ठेवलं की "चहा" असा आवाज येई. सरांनी तो कपाटात टाकला आणि भाभींच्या डाव्या हातात कोळसा दिला.

"काढून दाखव."

पलंगाशेजारची पांढरी भिंत बघता बघता काळी झाली. भाभींनी वेडावाकडा गोल काढला की सर पाण्याचा पेला आणत, मग पापड, मग भिंतीवरचं घड्याळ. भाभी चिडून कोळसा भिरकावत. सर तो उचलून परत त्यांच्या हातात देत. मला बघवेना.

"सर, कशाला छळताय त्यांना? एकेक वस्तू समोर धरा, त्या मान हलवतील."

"मग मी धरीन तेवढंच ती मागेल," सर म्हणाले.



परवा संध्याकाळी गेलो तर भिंतीवर लाटांची रेघ होती, तिच्यापुढे एक खुर्ची आणि शेजारी आणखी एक. सर नुसते खुलले होते. "समुद्र बघायचाय तिला! आणि बघ, पहिली खुर्ची वाकडी आली म्हणून दुसरी काढली. शिकवलेलं लक्षात ठेवलंन!"

आम्ही भाभींना उचलून पडवीत खुर्चीवर बसवलं. समोर समुद्र. सर गॅसवरचं कालवण बघायला आत वळले, तोच भाभींनी त्यांचा सदरा धरला. खिशातला कोळसा ओढून काढला आणि शेजारच्या खांबावर पुन्हा तेच काढलं. एक खुर्ची, तिला चिकटून दुसरी. दुसरीवर लांब नाकाचा एक माणूस.

सर खांबाकडे बघतच राहिले. वर्षभरात त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही, हे माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं. मी आतून दुसरी खुर्ची आणली.

"नाक लांब केलंस गं," सर म्हणाले आणि कोळशाच्याच हाताने डोळे पुसले. "पण कालवण..."

"बसा सर. काढून दाखवलंय त्यांनी."

सर बसले. कालवण लागल्याचा वास पडवीभर पसरला, पण दोघांपैकी कुणीच उठेना. शेवटी मीच आत जाऊन गॅस बंद केला.